या चुका टाळा: सीईटीतील संभाव्यता आणि असमानता

एमएचटी-सीईटीच्या गणितात ९० मिनिटांत ५० प्रश्न सोडवायचे असतात, प्रत्येकाला २ गुण असतात आणि चुकीच्या उत्तराचे गुण वजा होत नाहीत. या शेवटच्या सवलतीमुळे मुले निर्धास्त होतात. पण दादरच्या शिकवणीत सरावाच्या उत्तरपत्रिका तपासताना मला असे दिसते, की संभाव्यता आणि असमानता या घटकांत गुण जातात ते न आलेल्या प्रश्नांत नव्हे, तर ‘सोपा आहे’ म्हणून झटपट उरकलेल्या प्रश्नांत. घाईत कोणती चूक होईल हे प्रश्न काढणाऱ्याला ठाऊक असते आणि त्या चुकीचे उत्तर त्याने पर्यायांत मांडून ठेवलेले असते.

असमानतेतील मुख्य चूक म्हणजे ज्या राशीने गुणले किंवा भागले तिचे चिन्ह न पाहणे. (क्ष + १)/(क्ष − २) > ३ या उदाहरणात छेद सरळ उजवीकडे नेला, की क्ष < ७/२ असे उत्तर येते. त्यात बसणारी क्ष = ० ही किंमत ठेवून पाहावी: डावी बाजू −१/२ होते, म्हणजे अट मोडली. क्ष − २ धन आहे की ऋण हे माहीत नसताना त्याने गुणण्याचा आपल्याला अधिकारच नसतो. ३ डावीकडे घेऊन (७ − २क्ष)/(क्ष − २) > ० असे रूप दिल्यास २ < क्ष < ७/२ हे योग्य उत्तर मिळते. क्ष² < ९ वरून नुसते क्ष < ३ लिहिणारेही पुष्कळ असतात. −३ ही खालची सीमा त्यांच्या लक्षात राहत नाही.

संभाव्यतेत गोंधळ होतो तो मोजणीत. वाशीच्या बाजारातून आणलेल्या १० आंब्यांत ३ डागी आहेत आणि त्यांतून २ उचलले, तर किमान एक डागी निघण्याची संभाव्यता किती? बहुतेक मुले ३ डागींतून एक आणि उरलेल्या ९ मधून एक असे २७ प्रकार मोजतात आणि एकूण ४५ जोड्यांनी भागून ३/५ हे उत्तर देतात. युक्तिवाद इतका सरळ वाटतो की हुशार मुलेही त्यात अडकतात. पण दोन्ही आंबे डागी असलेल्या ३ जोड्या त्यात दोनदा मोजल्या गेल्या आहेत, कारण कोणता आंबा ‘पहिला’ धरायचा हे दोन प्रकारे ठरू शकते. दोन्ही चांगले निघण्याचे २१ प्रकार ४५ मधून वजा केले, की २४ उरतात आणि उत्तर ८/१५ येते. ‘किमान एक’ हे शब्द दिसताच उलट बाजूने मोजावे.

दोन्ही घटक एकत्र आले, की चुकाही एकत्र येतात. किमान एक छापा मिळण्याची संभाव्यता ०.९९ पेक्षा जास्त हवी असेल, तर नाणे किती वेळा उडवावे? येथे (१/२)ⁿ < ०.०१ ही अट मिळते, दोन्ही बाजूंचे लॉग घेतले जातात आणि १/२ चा लॉग ऋण असतो हे विसरून भागाकार केल्यामुळे संख्या ६.६४ पेक्षा लहान असावी असा निष्कर्ष निघून ६ हा पर्याय निवडला जातो. वास्तविक येथे लॉगची गरजच नाही: २ चा सहावा घात ६४, सातवा १२८, आणि १०० ओलांडायचे असल्यामुळे उत्तर ७.