ट्रॅकवर शिकलेलं केळघर घाटात किती उपयोगी पडतं

"दादा, तुम्ही चेन्नईला जाऊन रेसच्या ट्रॅकवर गाडी चालवून आलात. पण त्याचा केळघर घाटात काय उपयोग?"

औषध कंपनीत नुकत्याच रुजू झालेल्या एका पोराने मला हे विचारलं. त्याला सातारा, कोरेगाव, मेढा, वाई, पाचगणी असा भाग मिळालाय, म्हणजे रोजचे ऐंशी-शंभर किलोमीटर दुचाकीवर. हीच फिरती मी अकरा वर्षं करतोय. दवाखान्याच्या दारात उभ्या उभ्या त्याला जे सांगितलं ते अर्धवट राहिलं, म्हणून इथे नीट लिहितो. त्याच्यासाठी, आणि फिरतीच्या नोकरीत नव्याने येणाऱ्या प्रत्येकासाठी.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ट्रॅकवर हात आणि डोळे तयार होतात. पण रस्त्यावर जीव वाचतो तो बहुतेक वेळा पुढचं आधी ओळखल्यामुळे, आणि ते शिक्षण वेगळं घ्यावं लागतं. दोन्ही घ्यावीत, पण क्रम चुकवू नये.

मला गाडी शिकवली थोरल्या चुलतभावाने, यात्रेच्या माळावर. शिकवण दोनच वाक्यांची होती. क्लच हळू सोड, आणि पुढच्या ब्रेकला हात लावू नकोस, उलटशील. त्या दोन वाक्यांवर मी कित्येक वर्षं गाडी चालवली. २०१६ च्या पावसाळ्यात बामणोलीकडून परत येताना यवतेश्वर घाटात एका वळणावर समोरून टेम्पो आला. त्याचं चाक माझ्या बाजूला दीडएक फूट आलं होतं. तरी मला जायला चांगली चार फूट जागा होती. पण माझी नजर टेम्पोवरच खिळली. रेस एकदम सोडली, मागचा ब्रेक लाथ मारल्यासारखा दाबला, मागचं चाक लॉक झालं आणि गाडी आडवी झाली. गळपट्टीचं हाड मोडलं, सहा आठवडे घरी. टेम्पो मला लागलाच नव्हता. मी माझ्या ब्रेकने पडलो होतो.

घरी पडून असताना वाचायला सुरुवात केली. अमेरिकेत हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिसच्या परिसरातल्या सुमारे ९०० मोटरसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली होती. १९८१ मध्ये तो अहवाल आला. अपघातात सापडलेल्यांपैकी ९२ टक्के लोक गाडी स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले. बऱ्याच जणांनी ऐनवेळी मागचा ब्रेक जास्त दाबून चाक घसरवलेलं आणि पुढचा ब्रेक पुरेसा वापरलेलाच नाही. संकट दिसल्यापासून काही करायला मिळालेला वेळ बहुतेकांना दोन सेकंदांपेक्षाही कमी. वाचताना आमचा माळच डोळ्यांसमोर आला.

म्हणून नव्या माणसाला माझं पहिलं सांगणं ट्रॅकचं नाही, ब्रेकचं आहे. आणि ते सातारा न सोडता शिकता येतं.

ताशी ६० च्या वेगाने गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटरच्या वर जाते. समोरचं दिसून हात हलेपर्यंत तो सेकंद गेलेलाच असतो. त्यानंतर कोरड्या डांबरावर उत्तम ब्रेक मारला तरी आणखी वीसेक मीटर लागतात. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे येतं, पुढचा टायर रस्त्यावर दाबला जातो आणि त्याची पकड वाढते. मागचा टायर हलका होतो, म्हणूनच तो लगेच घसरतो. थांबवण्याची खरी ताकद पुढच्या चाकात आहे, पण वजन तिथे पोचायला क्षणभर वेळ द्यावा लागतो. गावाकडच्या पोरांना मी म्हशीची धार काढण्याचं उदाहरण देतो. सडाला हिसका दिला तर म्हैस लाथ मारते. बोटं एकामागून एक मिटत, दाब वाढवत न्यावा लागतो. पुढच्या ब्रेकचं अगदी तसंच आहे.

रविवारी सकाळी एमआयडीसीतल्या रिकाम्या रस्त्यावर मी खडूने रेघ मारली. ताशी ४० ने यायचं, रेघेवर ब्रेक सुरू करायचा, थांबल्यावर पावलं मोजायची. पहिल्या दिवशी सतरा पावलं भरली. दीड महिन्याने अकरा. ती सहा पावलं म्हणजे रस्त्यात मध्येच आलेलं पोर आणि माझं चाक यांच्यातली जागा. गाडीला एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, आहे म्हणून हा सराव सोडू नका. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, पण पुष्कळ गाड्यांत ते फक्त पुढच्या चाकाला असतं. मागचं चाक अजूनही लॉक होऊ शकतं.

ट्रॅकवर मी यानंतर दोन वर्षांनी गेलो. इरुंगाट्टुकोट्टईचा ट्रॅक चेन्नई-बेंगळुरू महामार्गावर श्रीपेरुंबुदूरजवळ आहे, एक फेरी सुमारे ३.७ किलोमीटरची. कीथ कोड यांनी १९८० मध्ये अमेरिकेत सुरू केलेल्या कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूलची शिबिरंही तिथे झाली आहेत. मी गेलो ते आपल्याकडच्या प्रशिक्षकांचं दोन दिवसांचं शिबिर होतं.

मला वाटलं होतं, वेगाने चालवायला शिकवतील. पहिल्या फेरीला त्यांनी सांगितलं, एकच गिअर ठेवा आणि ब्रेकला हात लावू नका. मग वळणात किती वेगाने शिरायचं हे वळणाच्या खूप आधी ठरवावं लागतं, कारण नंतर दुरुस्त करायची सोयच नाही. दुसरा धडा डोळ्यांचा. गाडी वळवायच्या आधी नजर वळणाच्या शेवटाकडे गेली पाहिजे. प्रशिक्षक माझ्या मागून गाडी चालवत होता आणि फेरी संपल्यावर त्याने मला सांगितलं की माझं हेल्मेट प्रत्येक वळणात पुढच्या चाकाकडे झुकतं. यवतेश्वर घाटात माझं काय चुकलं होतं, ते मला त्या एका वाक्यात कळलं. जिकडे नजर, तिकडे गाडी. टेम्पोकडे पाहिलं की गाडी टेम्पोकडे जाणार, मोकळ्या चार फुटांकडे पाहिलं असतं तर तिकडून निघाली असती.

तिसरा धडा हँडलचा. उजवीकडे वळायचं तर हँडलची उजवी बाजू पुढे ढकलायची. ऐकायला उलटं वाटतं, पण चालत्या दुचाकीला झुकवण्याचं काम तेच करतं. आपण सगळे नकळत तसंच करतो, फक्त घाबरल्यावर हात ताठरतात आणि काहीच करत नाहीत. जाणीवपूर्वक शंभर वेळा केलं की घाबरल्यावरही हाताला ते आठवतं. चौथा धडा, वळणात रेस एकदम सोडायची नाही, हलकीशी चालू ठेवायची. मध्येच सोडली की वजन पुढे आदळतं आणि गाडी डळमळते. एवढं सगळं मी ताशी शंभरच्या आत शिकलो, आणि हे ट्रॅकवरच शिकता येतं. तेच वळण वीस वेळा, समोरून कोणी येत नाही, चुकलं तर बाहेर कठडा किंवा दरी नाही. घाटात तोच प्रयोग वीस वेळा करायला जागा नाही.

आता दुसरी बाजू. ट्रॅकवर उतरण्याआधी आरसे काढतात किंवा त्यांवर चिकटपट्टी लावतात. मागून येणाऱ्याची काळजी तुम्ही करायची नाही, ओव्हरटेक करणाऱ्याने करायची असा तिथला नियम. रस्ता एकाच दिशेचा, डांबर प्रत्येक फेरीला तेच, पुढे कोणी पडला तर झेंडा दाखवणारा माणूस उभा. यातली एकही गोष्ट साताऱ्यात नाही. शिबिराहून परत आल्यावर तिसऱ्या आठवड्यात पसरणी घाट चढताना मी वळण आतून कापून घेतलं. ट्रॅकवर ती बरोबर रेषा असते. तिथे मात्र वरून पाचगणीहून एसटी उतरत होती. चालकाने वेळेवर गाडी बाजूला दाबली म्हणून निभावलं. मी पुढच्या वळणाला गाडी बाजूला घेतली आणि बराच वेळ कठड्याजवळ उभा राहिलो. कौशल्य वाढलं होतं, आणि त्याच्याबरोबर माझा घाटातला वेगही वाढला होता. मला ते कळलंही नव्हतं.

हा माझ्या एकट्याचा अनुभव नाही. नॉर्वेत निसरड्या रस्त्यावर गाडी सावरायचं प्रशिक्षण सक्तीचं केल्यावर तरुण पुरुष चालकांचे अपघात उलट वाढलेले आढळले होते. ते मोटारींचं प्रशिक्षण होतं, पण माणसाचा स्वभाव तोच. आपल्याला सावरता येतं अशी खात्री झाली की माणूस सावरायची वेळ आणतो.

म्हणून मी रस्त्यावरचं प्रशिक्षण घेतलं. पुण्यात एक दिवस, प्रशिक्षक मागून दुसऱ्या गाडीवर, हेल्मेटमध्ये इंटरकॉम. पद्धत ब्रिटिश पोलिसांच्या मोटरसायकल प्रशिक्षणातून आलेली. आधी माहिती घ्यायची, मग रस्त्यावरची आपली जागा, मग वेग, मग गिअर, शेवटी रेस. घाटासाठी त्यातला एक नियम मी रोज वापरतो. वळणात रस्त्याच्या दोन्ही कडा दूरवर जिथे एकत्र आलेल्या दिसतात त्या ठिकाणाकडे बघायचं. ते ठिकाण पुढे सरकत असेल तर वळण उघडतंय. जागच्या जागी थांबलं असेल तर वळण आवळत चाललंय, वेग कमी करा. जेवढा रस्ता दिसतोय तेवढ्यात थांबता आलं पाहिजे. आणि केळघरसारख्या अरुंद जागी त्याच्या निम्म्यात, कारण समोरच्यालाही थांबायचं असतं. पुस्तकात लिहिलेलं असतं की डाव्या वळणावर मधल्या रेषेकडे सरकलं की जास्त दिसतं. आपल्या घाटात तिथे सरकू नका, समोरचा ट्रक ती रेषा मानत नाही.

मला सर्वांत जास्त फायदा झाला तो बोलण्याचा. प्रशिक्षकाने दिसेल ते मोठ्याने बोलत चालवायला लावलं. कोरेगाव रस्त्यावर मी अजूनही करतो. "डावीकडे शेताची वाट, डांबरावर ओल्या मातीचे पट्टे, म्हणजे ट्रॅक्टर आत्ताच बाहेर पडलाय, पुढे असणार. उसाची कांडी पडलीत, त्यांच्यावर झुकायचं नाही. धूळ उडतेय, दिवा कुठेच दिसत नाही." आणि पुढच्या वळणापलीकडे खरोखर दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर असतो, मागे रिफ्लेक्टर नाही, दोन्ही बाजूंनी ऊस फूटभर बाहेर आलेला. नोव्हेंबर ते मार्च संध्याकाळी सहानंतर या रस्त्यांवर यापेक्षा मोठं संकट नाही. तिथे ट्रॅकवरचं झुकणं कामाला येत नाही, शंभर मीटर आधी ओळखलेली माती कामाला येते.

पैशांचं थोडक्यात. ट्रॅकच्या शिबिराला फी, प्रवास, राहणं, चामडी सूटचं भाडं, सगळं मिळून नव्या माणसाला जड जातं. पहिल्या वर्षी ते पैसे आयएसआय शिक्क्याच्या, पूर्ण तोंड झाकणाऱ्या हेल्मेटवर, घोट्याच्या वर येणाऱ्या बुटांवर आणि चांगल्या टायरवर घाला. ब्रेकचा सराव फुकट आहे. दुसऱ्या वर्षी रस्त्याचं प्रशिक्षण. तिसऱ्या वर्षी, रस्त्यावरचा वेग वाढवायची इच्छा उरली नसेल तर, चेन्नई.

त्या पोराला मी येत्या रविवारी सकाळी सात वाजता एमआयडीसीत बोलावलंय. येताना टायरची हवा बघून ये म्हटलं. खडू माझ्याकडे आहे.