पहिला ईपी (चार-पाच गाण्यांचा छोटा अल्बम) काढण्याआधी: छोट्या लेबलसाठी, म्हणजे संगीत कंपनीसाठी, कामाचा क्रम

अठरा-एकोणीस वर्षांचा मराठी रॅपर चार गाणी घेऊन आला की छोटं लेबल उत्साहात आधी स्टुडिओ बुक करतं. क्रम उलटा ठेवा. आधी कागद, मग माइक.

प्रत्येक गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. एक शब्द-चालीचा, दुसरा ध्वनिमुद्रणाचा, म्हणजे मास्टरचा. कॉपीराइट कायदा ध्वनिमुद्रणासाठी पुढाकार आणि जबाबदारी घेणाऱ्याला निर्माता मानतो. पैसे लेबलचे, रेकॉर्डिंग कलाकाराच्या खोलीत आणि लेखी काहीच नाही, अशा वेळी निर्माता कोण यावरून वाद होतो. आमचं मत ठाम आहे: मास्टर कलाकाराकडेच राहावा आणि लेबलने ३ ते ५ वर्षांचा एक्सक्लुझिव्ह परवाना घ्यावा. करारात मुदत लिहिली नाही तर कायदा ५ वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. स्ट्रीमिंग जगभर होतं, त्यामुळे ‘जगभर’ असं स्पष्ट लिहा. गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीचा समान वाटा सोडून द्यायला लावणं २०१२ च्या दुरुस्तीनंतर लेबलला जमत नाही. जुन्या नमुन्यातून तसं कलम आलं असेल तर काढून टाका. कलाकार १८ वर्षांखालचा असेल तर त्याने केलेला करार कायद्याने टिकत नाही. पालकांना समोर बसवा आणि मसुदा वकिलाला दाखवा.

सगळ्यात जास्त अडतं ते बीटवर, म्हणजे रॅपखालच्या संगीतावर. यूट्यूबवरून घेतलेली बीट बहुतेक वेळा ‘लीज’वर, म्हणजे मर्यादित वापराच्या परवान्यावर असते, त्यामुळे तीच बीट आणखी पन्नास जणांकडे असू शकते. अशा गाण्यावर कंटेंट आयडी (यूट्यूबची गाणं आपोआप ओळखून हक्क सांगणारी यंत्रणा) लावला की दुसऱ्यांच्या व्हिडिओंवर दावे जातात, नाहीतर त्यांचे आपल्यावर येतात. म्हणून लीजवरच्या गाण्याला कंटेंट आयडी बंदच ठेवा. लीजची पावती, स्ट्रीमची मर्यादा आणि मुदत तपासा. जमलं तर ओळखीच्या बीटमेकरकडून नवी बीट करून घ्या. जुन्या गाण्याचा सॅम्पल, म्हणजे उचललेला तुकडा, असेल तर मूळ मास्टर आणि मूळ रचना अशा दोन्हींची परवानगी लागते. ती मिळत नसेल तर तो तुकडा बदला.

मग स्प्लिट शीट: शब्द कुणाचे, संगीत कुणाचं, किती टक्के. बेरीज १०० आणि सगळ्यांच्या सह्या, गाणं तयार झालं त्याच दिवशी. गाणं चाललं की आठवणी बदलतात. गीतकार आणि संगीतकार दोघांनाही आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं) सभासदत्व घ्यायला लावा.

रेकॉर्डिंग खोलीतही चांगलं होतं. माइकमागे आणि गाणाऱ्याच्या पाठीमागे जाड गोधड्या टांगा, पॉप फिल्टर (‘प’, ‘फ’चा फटका अडवणारी जाळी) लावा, तोंड माइकपासून १५-२० सेंटिमीटरवर ठेवा. आवाजाची शिखरं -१२ ते -६ डीबीच्या दरम्यान राहू द्या. एकदा क्लिप झालेला, म्हणजे मर्यादेपलीकडे जाऊन फाटलेला टेक मिक्समध्ये दुरुस्त होत नाही. बीट एमपीथ्री नको, वेगवेगळे ट्रॅक २४ बिट वेव्हमध्ये मागा. मास्टरिंगला (गाण्यावरच्या शेवटच्या संस्काराला) पाठवताना मास्टर चॅनलवरचा लिमिटर (आवाज दाबून जोर वाढवणारं साधन) काढा. स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण -१४ एलयूएफएसवर (ऐकू येणाऱ्या जोराचं माप) आणतं, त्यामुळे त्याहून फार जोरात दाबून हाती फक्त थकलेला आवाज लागतो.

डिस्ट्रिब्युटरकडे (गाणी स्ट्रीमिंग अ‍ॅप्सवर पोचवणाऱ्या कंपनीकडे) फाइल्स रिलीजच्या किमान चार आठवडे आधी द्या. मुखपृष्ठ ३००० बाय ३००० पिक्सेल. भाषेच्या रकान्यात मराठी निवडा, घाईत हिंदी पडतं. कलाकाराच्या नावाचं स्पेलिंग प्रत्येक रिलीजला अक्षरशः तेच ठेवा, नाहीतर त्याचं दुसरंच प्रोफाइल तयार होतं.

पैशाबद्दल आधीच खरं बोला. स्पॉटिफायवर गेल्या १२ महिन्यांत १,००० स्ट्रीम न झालेल्या गाण्याला रेकॉर्डिंगची रॉयल्टी मिळत नाही. खर्च वसूल झाल्यावर निव्वळ रकमेचे ५०-५० हा आम्हाला न्याय्य वाटणारा हिशेब आहे, पण ‘खर्च’ म्हणजे नेमकं काय याची यादी करारात हवी: मिक्सिंग, मास्टरिंग, मुखपृष्ठ, व्हिडिओ. लेबलचा चहा-प्रवास त्यात येत नाही. दर तीन महिन्यांनी हिशेब द्या, रक्कम शून्य असली तरी.

परवान्याची मुदत संपली की सगळे ट्रॅक, मास्टरच्या फाइल्स आणि प्रत्येक गाण्याचा आयएसआरसी, म्हणजे त्या रेकॉर्डिंगचा १२ अक्षर-अंकांचा ओळख कोड, कलाकाराला सोपवा. नव्या डिस्ट्रिब्युटरकडे तोच कोड आणि तीच फाइल दिली तर जुने स्ट्रीम्स सहसा गाण्यासोबत राहतात. आधी नवी आवृत्ती चढू द्या, ती दिसू लागली की मगच जुनी उतरवा.