बारावी सायन्सनंतर काय करायचं ते आधी कसं ठरवायचं, आणि मग सीईटी, जेईई, नीटचा अभ्यास कसा करायचा

दरवर्षी जून-जुलैमध्ये माझ्याकडे ओळखीतली पोरं कॅपचा, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा, ऑप्शन फॉर्म (कॉलेज-ब्रँचची पसंतीयादी) भरायला येतात, सोबत आईवडील असतात, हातात सीईटीचं स्कोअरकार्ड असतं आणि पहिला प्रश्न ठरलेला, "दादा, एवढ्या पर्सेंटाइलला काय मिळेल?" म्हणजे दोन वर्षं अभ्यास झाला, परीक्षा झाली, आणि पुढची चार वर्षं काय शिकायचं ते आता मार्क ठरवणार. मला खरंच वाईट वाटतं ते बघून, कारण त्यातल्या बऱ्याच मुलांना दोन वर्षांत कुणी एकदाही विचारलेलं नसतं की बाबा तुला नक्की काय शिकायला आवडेल. म्हणून हे सगळं अकरावीतल्या किंवा बारावीत नुकत्याच गेलेल्या मुलांसाठी लिहितोय, आईवडिलांनीही वाचावं.

सगळ्यात आधी कोर्स ठरवा, परीक्षा नंतर. (सीईटी म्हणजे राज्यातल्या इंजिनिअरिंग-फार्मसीची प्रवेश परीक्षा, जेईई आयआयटी-एनआयटीसाठी, नीट मेडिकलसाठी.) आता कोर्स ठरवायचा म्हणजे करायचं काय, तर करिअरवरचे व्हिडिओ बघत बसू नका, सरळ विद्यापीठाच्या वेबसाइटवर जाऊन त्या कोर्सच्या दुसऱ्या वर्षाचा सिलॅबस डाऊनलोड करा. दुसऱ्या वर्षाचाच, कारण इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष सगळ्या ब्रँचला जवळपास सारखंच असतं, खरी ब्रँच दुसऱ्या वर्षापासून सुरू होते. मागे एक मुलगी आली होती, तिला कॉम्प्युटरच पाहिजे होतं, का तर सगळ्या मैत्रिणी तेच घेणार होत्या. आम्ही दोघं बसलो आणि तीन ब्रँचचे सिलॅबस शेजारी शेजारी उघडले. कॉम्प्युटरला डिस्क्रीट मॅथ्स, डेटा स्ट्रक्चर, ऑपरेटिंग सिस्टिम, ईअँडटीसीला (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) सिग्नल्स, इलेक्ट्रॉनिक सर्किट, आणि मेकॅनिकलला थर्मोडायनॅमिक्स, फ्लुइड मेकॅनिक्स, स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स. ती बराच वेळ वाचत होती आणि मग म्हणाली, थर्मोडायनॅमिक्स म्हणजे तो फिजिक्समधलाच चॅप्टर ना, तो एकच मी क्लास न लावता स्वतः सोडवलाय. बस, अर्ध्या तासाच्या वाचनात तिला स्वतःबद्दल जे कळलं ते दोन वर्षांत कळलं नव्हतं. शेवटी काय घ्यायचं ते तिचं तिने ठरवलं, पण विचार करून ठरवलं.

सिलॅबसमधली नावं वाचून काहीच डोक्यात शिरत नसेल तर एनपीटीईएलवर जा, आयआयटीच्या प्राध्यापकांची लेक्चर्स फुकट आहेत, त्या विषयाची पहिली दोन ऐका. सगळं समजायची अपेक्षा नाहीये, तिसरं लावावंसं वाटतं का एवढंच बघायचं. आणि त्या कामात तीन-चार वर्षं घालवलेला कुणी ओळखीत असेल तर त्याला पगार विचारू नका, सोमवारी सकाळी ऑफिसला किंवा साइटवर गेल्यावर तू नेमकं काय करतोस ते विचारा. सिव्हिलवाला सांगेल स्लॅबच्या दिवशी पहाटेपासून उभा असतो, आणि तेच तुम्हाला आवडेल किंवा नाही आवडणार, दोन्ही कळलेलं चांगलंच.

मेडिकलचं म्हणाल तर एमबीबीएस साडेचार वर्षं अधिक एक वर्ष इंटर्नशिप, आणि त्यानंतर पीजीसाठी परत परीक्षा, हे घरात सगळ्यांनी एकत्र बसून बोलून घ्या कारण हा रस्ता लांबचा आहे. बीडीएस (दातांचं), बीएएमएस (आयुर्वेद), बीएचएमएस (होमिओपॅथी) पण नीटवरूनच. फार्मसीला आपली राज्याची सीईटी चालते, पीसीएमवाले (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) पण जाऊ शकतात आणि पीसीबीवाले (मॅथ्सऐवजी बायो) पण. ज्यांना विज्ञानच आवडतं, म्हणजे संशोधनच करायचंय, त्यांनी आयसर, म्हणजे विज्ञान शिक्षण-संशोधनाच्या केंद्रीय संस्था, बघा, पुण्यातच आहे एक, त्याची वेगळी अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट असते. आर्किटेक्चरला नाटा, पाच वर्षांच्या लॉसाठी राज्याची लॉ सीईटी किंवा क्लॅट, केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी. या बाकीच्या परीक्षांचे फॉर्म बारावीच्या वर्षात मध्येच कधीतरी निघतात आणि पोरांना तारीख गेल्यावर कळतं, तेव्हा आत्ताच एका कागदावर नावं लिहून भिंतीला चिकटवा.

एक गोष्ट जरा कळकळीने सांगतो. "राहू दे दोन्ही ऑप्शन" म्हणून जेईई आणि नीट दोन्हीची पूर्ण तयारी करायला लावू नका. पीसीएमबी घ्यायला हरकत नाही, मॅथ्स आणि बायो दोन्ही मनापासून आवडणारी मुलं असतात, पण नुसत्या भीतीपोटी चार विषय घेतलेलं मूल दोन्हीकडे अर्धवट राहतं आणि वर स्वतःलाच दोष देत बसतं. मुख्य परीक्षा एकच ठेवा. जेईईवाल्याची सीईटी बऱ्यापैकी होऊन जाते, नीटवाल्याची पीसीबीची सीईटी पण, तेवढा आधार पुरे आहे.

आता परीक्षा. या तिन्ही परीक्षांचा स्वभाव वेगळा आहे आणि तो समजून न घेता सगळीकडे एकाच पद्धतीने अभ्यास केला की गडबड होते. सीईटीला पीसीएममध्ये फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद, आणि मॅथ्सचे ५० प्रश्न वेगळ्या ९० मिनिटांत, प्रत्येकी २ मार्क. निगेटिव्ह मार्किंग नाही. म्हणजे इथे वेगाची परीक्षा आहे, प्रश्न फार अवघड नसतात पण विचार करायला वेळच नसतो, सूत्र बघितल्याबरोबर आठवलं पाहिजे. अकरावीचा भाग साधारण २० टक्के आणि बारावीचा ८० टक्के. जेईई मेनला ७५ प्रश्न आणि तीन तास, म्हणजे एका प्रश्नाला २ मिनिटं २४ सेकंद, पण बरोबरला ४ आणि चुकलं की उणे १. तिथे कोणता प्रश्न सोडायचा हे कळणं म्हणजे अर्धी परीक्षा. आणि नीटला १८० प्रश्न १८० मिनिटांत, त्यातच ओएमआर उत्तरपत्रिकेवर गोल काळे करायचे, त्यातले ९० प्रश्न बायोचे. त्यामुळे बायो ४५-५० मिनिटांत संपवता येत असेल तरच फिजिक्सला श्वास घ्यायला वेळ मिळतो.

पुस्तकांबद्दल फार लोक फार काही सांगतात. माझं मत सरळ आहे, सीईटीला बालभारतीची स्टेट बोर्डाची पुस्तकं आणि नीटला एनसीईआरटीची (सीबीएसईला चालणारी) पुस्तकं, ही आधी ओळ न ओळ झाली पाहिजेत, मग बाकीचं. स्टेट बोर्डाचा मुलगा नीट देत असेल तर त्याने एनसीईआरटी वेगळी घ्यायलाच लागते, कारण काही गोष्टी आपल्या पुस्तकात वेगळ्या मांडल्यात आणि काही नाहीतच. घरात मोठमोठ्या पुस्तकांचा ढीग लावून ठेवला की अभ्यास झाल्यासारखं वाटतं, पण पहिली तीस पानं सोडून पुढची कोरीच राहतात. एका विषयाला एक पाठ्यपुस्तक, एक प्रश्नसंच आणि जुने पेपर, पुष्कळ झालं.

आणि आता ज्याने मी सगळ्यात जास्त पोरांचे मार्क वाढलेले बघितलेत ते, चुकांची वही. साधी दोनशे पानी वही घ्या, चार रकाने पाडा. प्रश्न थोडक्यात, मी काय उत्तर दिलं, बरोबर काय होतं, आणि चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, का चुकलं. "सिली मिस्टेक" असं लिहायचं नाही, ते उत्तर नाहीये. सूत्रच आठवलं नाही, कन्सेप्टच समजला नव्हता, एकक बदलायचं राहिलं, प्रश्न अर्धाच वाचला, वेळ संपत आला म्हणून ठोकून दिलं, असं नेमकं लिहायचं. एका मुलाच्या वहीत तीन मॉक टेस्टनंतर चौथ्या रकान्यात जवळपास निम्म्या ठिकाणी एकच वाक्य होतं, "चूक विधान विचारलेलं, मी बरोबर विधान दिलं." त्याला वाटत होतं आपली केमिस्ट्री कच्ची आहे, तो केमिस्ट्रीचा आणखी एक क्लास लावायच्या बेतात होता, आणि केमिस्ट्री चांगली होती त्याची! मग त्याने सवय लावली, असा प्रश्न आला की पर्याय वाचायच्या आधी रफ कागदावर मोठ्या अक्षरात "चूक" लिहायचं आणि मगच पुढे जायचं. दोन सेकंदांचं काम. दर रविवारी ही वही उघडून फक्त चौथा रकाना वरून खाली वाचायचा, पुढच्या आठवड्यात काय करायचं ते तिथेच दिसतं, वेगळं टाइमटेबल बनवायला नको.

मॉक टेस्ट द्यायची ती खऱ्या वेळेला द्या. नीट दुपारी २ ते ५ असते, मग दुपारी जेवून डोळे जड झालेल्या वेळेत बसायची सवय लागायला नको का? ओएमआर छापून घ्या, काळ्या पेनने गोल भरा, मोबाईल दुसऱ्या खोलीत. सीईटी आणि जेईई कॉम्प्युटरवर असतात, तर जिथे स्क्रीनवर पेपर सोडवता येईल अशी सोय बघा, निदान परीक्षेआधीचे काही पेपर तरी, कारण कागदावर खुणा करत सोडवणारं मूल स्क्रीनसमोर पहिली वीस मिनिटं गोंधळतं. आणि पेपर दिला तेवढाच वेळ तो तपासायला द्या. तपासला नाही तर पेपर दिला काय आणि नाही दिला काय.

अंदाजाने उत्तर मारावं का हे सगळेच विचारतात. सीईटीला एकही प्रश्न कोरा ठेवू नका, उणे मार्कच नाहीत. जेईई-नीटला चारपैकी दोन पर्याय नक्की चुकीचे आहेत हे कळत असेल तर मारा, हिशोब तुमच्या बाजूने आहे, कारण अशा दोन प्रश्नांत सरासरी एक बरोबर एक चूक, म्हणजे ४ वजा १, तीन मार्क हातात. काहीच माहीत नसेल तर सोडा आणि पुढे जा, कारण तिथे मार्कांपेक्षा वेळ जास्त जातो.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत हे घरी एकदा नीट समजावून सांगा. ९० पर्सेंटाइल म्हणजे १०० पैकी ९० मार्क नाहीत, तर परीक्षा दिलेल्या साधारण ९० टक्के मुलांच्या बरोबरीने किंवा पुढे. वेगवेगळ्या शिफ्टमध्ये पेपर वेगळा असतो म्हणून ही पद्धत. तेव्हा पेपर अवघड गेला म्हणून बाहेर येऊन रडू नका, तो त्या शिफ्टला सगळ्यांनाच अवघड गेलेला असतो.

बोर्डाकडे दुर्लक्ष करू नका. इंजिनिअरिंगला राज्यात प्रवेश सीईटीवर असला तरी बारावीला पीसीएममध्ये ओपनला ४५ टक्के आणि राखीवला ४० टक्के लागतातच, आणि आयआयटी-एनआयटीला बोर्डात ७५ टक्के (एससी, एसटी आणि दिव्यांगांना ६५) किंवा बोर्डाच्या टॉप २० पर्सेंटाइलमध्ये असण्याची अट आहे. चांगल्या रँकचा मुलगा बोर्डाच्या मार्कांवर अडकलेला बघणं फार त्रासाचं असतं.

आता कागदपत्रं, आणि हे अभ्यासाइतकंच महत्त्वाचं. डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला यांचे अर्ज आजच 'आपले सरकार' पोर्टलवर किंवा सेतूत टाका. जात पडताळणीला महिने जातात, कॉलेजचं पत्र लागतं, त्यामुळे अकरावीतच सुरुवात करा. नॉन क्रिमीलेयरची मुदत बघा, प्रवेशाच्या पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं पाहिजे. व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणीचं प्रमाणपत्र, वेळेत आली नाही म्हणून ओपनमधून फी भरायची वेळ आलेली कुटुंबं मी बघितलीत, हा पैसा वाचवता येतो. मुलींच्या पालकांनी तर नक्की वाचा, २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (मराठा) आणि ओबीसी मुलींना कॅपमधून व्यावसायिक कोर्सला प्रवेश मिळाला तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, सगळ्यांना हे माहीत नसतं आणि फीच्या धास्तीने मुलीला जवळच्या कॉलेजात काहीतरी घेऊन देतात. ट्यूशन फी वेव्हरच्या (शिक्षण शुल्क माफीच्या) जागा पण ८ लाखांच्या आतल्यांना, त्यांचा चॉइस कोड, म्हणजे कॉलेज-ब्रँचचा नंबर, वेगळा असतो, शेवटी टी असतो, तो ऑप्शन फॉर्ममध्ये वेगळा टाकावा लागतो, आपोआप मिळत नाही.

आणि तो ऑप्शन फॉर्म. क्रम आवडीचा लावा, कटऑफचा नाही. मागच्या वर्षीचे कटऑफ सीईटी सेलच्या साइटवर असतात, ते बघा जरूर, पण "हे मिळणारच नाही" म्हणून आवडतं कॉलेज खाली टाकायची गरज नाही, वर टाकल्याने खालचं हातातून जात नाही. उलट पहिला पर्याय मात्र विचार करून भरा, कारण पहिल्या राऊंडला पहिलाच लागला तर तो आपोआप फ्रीझ होतो, मग पुढच्या राऊंडची वाट बघता येत नाही. यादी आधी घरी कागदावर बनवा, ब्रँच आधी की कॉलेज आधी हे आईवडिलांशी बोलून ठरवा, एक रात्र जाऊ द्या आणि सकाळी परत वाचा. सायबर कॅफेतल्या माणसाला आयडी-पासवर्ड देऊन निघून येऊ नका, शेजारी बसा, एकेक चॉइस कोड आपल्या कागदाशी ताडून बघा, आणि कन्फर्म केल्यावर प्रिंट घेऊनच उठा.