वादळानंतर आगरात (नारळ-सुपारीच्या बागेत) आधी काय करायचं

3 जून 2020 ला 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं तेव्हा आम्ही श्रीवर्धन तालुक्यात, घरातच होतो. ताशी 110-120 किलोमीटरचा वारा आकड्यावरून कळत नाही, माजघरात बसून बाहेरचे आवाज ऐकले की कळतो. माड मुळासकट धप्पकन पडतो, पोफळ (सुपारीचं झाड) मधेच काडकन मोडते. सुरुवातीला आम्ही मोजत होतो, मग मोजणं सोडून दिलं. आता पुन्हा मे संपत आलाय, म्हणून तेव्हा जे चुकलं ते आधी सांगतो.

वादळाचा डोळा डोक्यावरून जात असेल तर मधेच वारा पडतो, चक्क उजाडतं. कोणी तेवढ्यात पत्रे गोळा करायला बाहेर पडू नका. थोड्या वेळाने तोच वारा उलट्या दिशेने येतो आणि आधी नुसतं कललेलं झाड तेव्हा पडतं. पुढे आगरात शिरताना जमिनीवर लोळणाऱ्या वायरीत करंट आहे असंच धरून चाला. गावात वीज नसली तरी कुणाचा जनरेटर चालू असतो.

कोयता हातात घेण्यापूर्वी फोटो काढा आणि झाडं मोजा. मोडलेली, उपटलेली, कललेली अशी वेगवेगळी लिहा. निसर्गच्या वेळी आधी हेक्टरी मदत जाहीर झाली. पण आमची आगरं गुंठ्यांची, त्यात माड, पोफळ, जायफळ, मिरी सगळं एकत्र. पुढे माडाला 250 आणि पोफळीला 50 रुपये असा झाडामागे हिशेब ठरला. ज्यांनी घाईने आगर साफ केलं होतं त्यांना पंचनाम्यात दाखवायला काही उरलं नव्हतं. सातबाऱ्यावर झाडांची नोंद आजच तपासा, बहुतेकांची वडिलांच्या काळातली असते.

आता वाचवायचं काय? मोडलेल्या पोफळीचा नाद सोडा. आंब्याची पाच-सहा वर्षांची कलमं मात्र उठतात, पण दोन-तीन दिवसांत हात लावला तर. तोवर उघड्या मुळांवर ओलं गोणपाट टाका. फाटलेली मुळं धारदार कोयत्याने साफ कापा, फांद्यांचा निम्मा विस्तार उतरवा, मग झाड हळूहळू सरळ करून मातीची भर द्या. तीन बाजूंनी दोरीचे ताण द्या. दोरीखाली सायकलची जुनी ट्यूब घाला, नाहीतर दोरी साल कापते. फाटलेल्या फांद्या करवतीने गुळगुळीत कापून बोर्डो पेस्ट लावा: 1 किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी, प्लास्टिकच्या बादलीत. कोयत्याचं पातं बुडवून बघा, तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. जखम उघडी राहिली की खोडकिडा आलाच म्हणून समजा.

वाकून ताणलेल्या खोडावर कटर चालवायचं काम नवख्याने करू नये. खोड सुटताना कुठे उसळेल ते सांगता येत नाही.

आमची मोठी चूक पुढची. पडलेले माड आम्ही बांधाला लोटून दिले, 'पावसाळ्यानंतर बघू' म्हणून. कुजणारं खोड आणि उघडा उकिरडा म्हणजे गेंड्या भुंग्याची बाळंतिणीची खोली. पुढच्या वर्षी उभ्या माडांच्या झावळ्या कात्रीने कापल्यासारख्या उलगडू लागल्या आणि मागोमाग सोंड्या (खोड आतून पोखरणारा भुंगा) आला, तो तर जखमेचीच वाट बघत असतो. वादळात वाचलेले चार माड आम्ही त्याच्यामुळे घालवले. म्हणून खोडं महिनाभरात फोडून, वाळवून जाळा किंवा आगराबाहेर काढा. खत उकरून पांढऱ्या, वाकड्या अळ्या वेचा. कोंबड्या हे काम आनंदाने करतात. शेंड्याजवळच्या पानांच्या बेचक्यात तीन-चार डांबर गोळ्या वाळूत घालून ठेवा. खोडातून तांबूस चीक गळत असेल तर कान लावून ऐका, आत कुरतडल्याचा आवाज येतो. तो माड लगेच दाखवा, दापोलीच्या कृषी विद्यापीठाची माणसं मार्गदर्शन करतात. ज्या माडांचा शेंडा पिळवटलाय त्यांच्यावर पाऊस सुरू होण्यापूर्वी 1 टक्का बोर्डो मिश्रण (त्याच मोरचूद-चुन्याचं पातळ द्रावण) फवारा, नाहीतर कोंब कुजतो.

सावली गेल्याचा त्रास लगेच दिसत नाही. ऑक्टोबरचं ऊन पोफळीच्या पश्चिमेकडच्या अंगाला भाजतं, मग तिथे चीर पडते. त्या बाजूला झावळ्या बांधा किंवा चुना लावा. पोफळीत आणि जायफळीच्या आसपास याच पावसात केळी लावा, वर्षभरात सावली धरते.

नवीन पोफळीचं रोप साधारण दीड वर्षाचं लागतं आणि वादळानंतर सगळा तालुका एकाच वेळी रोपं शोधत फिरतो. आम्ही आता दरवर्षी जुन्या, भरघोस झाडांची पिकलेली फळं निवडून विहिरीजवळच्या वाफ्यात शंभरेक रोपं करून ठेवतो. वादळ आलं नाही तर शेजारी नेतात.