विंडोज ११ वर गेम बंद पडतोय? फॉरमॅट मारायच्या आधी हे बघ

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून गोव्यात फोंडा काय, म्हापसा काय, जिथं बघावं तिथं एकच रड, विंडोज ११ टाकलं आणि गेम चालेना. पीसी दुकानात नेला की उत्तर ठरलेलं असतं, फॉरमॅट मारूया. फॉरमॅटनं कधीकधी चालतंही, पण का चाललं हे ना दुकानदाराला कळत ना आपल्याला, आणि महिन्याभरात परत तेच सुरू. वर गेमचे शंभर जीबी परत डाउनलोड करायचे, ते पण पावसात फायबरच्या वायरवर माड पडलेला असताना. म्हणून माझं म्हणणं एवढंच की गेम कुणामुळे पडला हे विंडोज स्वतः लिहून ठेवतं, ते आधी वाच आणि मग एका वेळी एकच गोष्ट बदल. पाच गोष्टी एकदम बदललास तर कशानं बरं झालं ते शेवटपर्यंत कळणार नाही.

आधी नुसतं बघ गेम पडतो कसा. गेम बंद होऊन गुपचूप डेस्कटॉपवर आला तर बहुतेक गेमच्या फाइल्स, ड्रायव्हर (कार्ड वगैरे भाग विंडोजला चालवू देणारं सॉफ्टवेअर) किंवा मध्ये लुडबुडणारं दुसरं एखादं सॉफ्टवेअर. स्क्रीन काळी होऊन परत आली आणि मग गेम गेला तर ग्राफिक्स ड्रायव्हर. निळी स्क्रीन आली (२४एच२ वर, म्हणजे विंडोज ११ च्या २०२४ च्या व्हर्जनवर, २०२५ च्या अपडेटनंतर ती काळी झालीय, घाबरू नको, तीच ती) तर ड्रायव्हर, रॅम किंवा अँटी-चीट (ऑनलाइन गेममध्ये चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर). आणि काहीच न दाखवता पीसी धाडकन रिस्टार्ट झाला तर विंडोजला शिव्या घालू नको, तो करंट नाहीतर हीटचा प्रकार असतो, त्यावर खाली सविस्तर लिहिलंय कारण आपल्याकडे तेच जास्त.

आता नोंद वाचायची. स्टार्टमध्ये इंग्रजीत रिलायबिलिटी टाइप कर, व्ह्यू रिलायबिलिटी हिस्ट्री म्हणून येईल, उघड. तारखांचा तक्ता दिसतो, ज्या दिवशी गेम पडला तिथं लाल फुली असते, तिच्यावर क्लिक करून खाली गेमच्या नावावर डबल क्लिक. आत फॉल्ट मॉड्यूल नेम अशी ओळ असते, सगळी मेख तिथं. तिथं गेमच्याच ईएक्सईचं नाव असेल तर फाइल खराब किंवा गेमचाच बग. एनव्हीनं सुरू होणारं लांबलचक नाव किंवा एएमडी, एटीआयनं सुरू होणारं काही असेल तर ग्राफिक्स ड्रायव्हर. व्हीसीरनटाइम किंवा एमएसव्हीसीपी असेल तर व्हिज्युअल सी प्लस प्लसचं पॅकेज (गेमना लागणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या फाइल्स) तपास. आणि ओव्हरलेवाल्या (गेमच्या वर आपली खिडकी दाखवणाऱ्या) एखाद्या सॉफ्टवेअरची डीएलएल (त्याची मदतनीस फाइल) दिसली, डिस्कॉर्ड, रिव्हाट्यूनर, एक्सबॉक्स गेम बार वगैरे, तर ते बंद करून बघ, दोन मिनिटांचं काम आहे. तिथंच एक एक्सेप्शन कोड पण असतो, बहुतेक वेळा ०एक्स, सी, मग सहा शून्य आणि शेवटी ५. त्याचा अर्थ गेमनं आपली नसलेली मेमरी चाळवली इतकाच, त्यावरून रॅम खराब आहे असं कुणी छातीठोक सांगत असेल तर ऐकून सोडून दे.

गेमच्या फाइल्सवर संशय असेल तर अनइन्स्टॉल करू नको. स्टीममध्ये गेमवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, इन्स्टॉल्ड फाइल्स, व्हेरिफाय इंटिग्रिटी. एपिकमध्ये पण व्हेरिफाय आहे. जेवढं बिघडलंय तेवढंच डाउनलोड होतं.

ड्रायव्हरचं जरा नीट सांगतो. विंडोज १० वरून अपग्रेड करताना जुना ड्रायव्हर तसाच पुढे येतो, वर विंडोज अपडेट आपला वेगळा टाकायला बघतं, आणि दोघांची खिचडी होते. त्याला उपाय डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, म्हणजे डीडीयू, जुना ड्रायव्हर मुळासकट काढणारं सॉफ्टवेअर. आधी डीडीयू आणि कार्ड कंपनीच्या साइटवरून नवा ड्रायव्हर उतरवून ठेव, मग नेट बंद कर (वायर काढ, वायफाय ऑफ), नाहीतर तू जुना काढतोयस तोवर विंडोज मागून आपला टाकून मोकळं होतं. मग शिफ्ट दाबून रिस्टार्ट, ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रिस्टार्ट, आणि लिस्ट आली की ४ दाबून सेफ मोड. तिथं डीडीयू चालव, क्लीन अँड रिस्टार्ट, मग नवा ड्रायव्हर टाक, मग नेट चालू. पण त्याच्याही आधी एक काम, नवीन लॅपटॉपवर डिस्क एन्क्रिप्शन आपोआप चालू असतं आणि सेफ मोडला जाताना किंवा बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) हात घातला की पीसी बिटलॉकरची (म्हणजे त्या एन्क्रिप्शनची) ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतो. ती तुझ्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते, आधीच कागदावर लिहून घे. ती नसेल तर डेटावर पाणी सोडावं लागतं, आणि हे मी उगाच भीती घालायला सांगत नाही.

सगळ्यात नवा ड्रायव्हर म्हणजे सगळ्यात चांगला असं पण नाही हां. नवीन ड्रायव्हरनंतरच क्रॅश सुरू झाले असतील तर मागचा टाकून बघ. आणि लॅपटॉपवाल्यांनो, तुमच्याकडे दोन ग्राफिक्स असतात, सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले, ग्राफिक्समध्ये जाऊन गेम अ‍ॅड करा आणि हाय परफॉर्मन्स निवडा, नाहीतर गेम प्रोसेसरच्या छोट्या ग्राफिक्सवर चालू होतो आणि दम तोडतो.

कधीकधी चूक खरोखर विंडोजची असते. ऑक्टोबर २०२४ मध्ये २४एच२ आलं तेव्हा युबीसॉफ्टचे काही गेम, असॅसिन्स क्रीड व्हॅलहाला, ओरिजिन्स, ओडिसी, शिवाय स्टार वॉर्स आउटलॉज, हे अडकायचे नाहीतर काळी स्क्रीन देऊन बसायचे. मायक्रोसॉफ्टनं ते मान्य केलं आणि असे गेम असलेल्या पीसींना ते अपडेट देणंच थांबवलं होतं. त्याच वेळी ऑटो एचडीआर (गेमचे रंग आपोआप उजळ करणारं सेटिंग) चालू असला की काही गेम हँग व्हायचे, आणि इझी अँटी-चीटच्या जुन्या व्हर्जनमुळे काही इंटेल पीसींवर निळी स्क्रीन यायची. नंतर हे दुरुस्त झालं, पण तू पीसी अपडेटच करत नसशील तर तुझ्याकडे ती दुरुस्ती येणार कशी. तेव्हा आधी विंडोज पूर्ण अपडेट कर, ऑटो एचडीआर बंद करून बघ, गेमपण अपडेट कर.

व्हॅलोरंट गेमवाल्यांचा वेगळाच ताप. विंडोज ११ वर त्याला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (पीसी सुरू होताना विश्वासाचंच सॉफ्टवेअर चालू देणारं सेटिंग) दोन्ही चालू लागतात, नाहीतर व्हॅन ९००१ किंवा तसला एरर येतो. तो क्रॅश नाही, नकार आहे, त्यामुळे ड्रायव्हर बदलत बसून काही होणार नाही. जुन्या पीसीवर अटी चुकवून कुणाकडून तरी विंडोज ११ घालून घेतलेलं असेल तर इथं ते उघडं पडतं. इंटेलच्या आठव्या पिढीपासून आणि रायझन २००० पासून पुढच्या बोर्डांवर टीपीएम बहुतेक बायोसमध्येच असतो, नुसता बंद असतो. इंटेलमध्ये पीटीटी आणि एएमडीमध्ये एफटीपीएम नावाखाली शोध. सिक्युअर बूटला डिस्कची मांडणी जीपीटी पद्धतीची लागते, जुनी एमबीआर असेल तर आधी बदलून घ्यावी लागते, आणि त्याआधी बॅकअप घे म्हणजे घे.

आता एक गंमत सांगतो जी इंग्रजी गाइडमध्ये सहसा सापडत नाही. डिचोलीला भाच्याच्या पीसीवर जुना एक गेम सुरू व्हायच्या आतच गायब व्हायचा, काही मेसेज नाही काही नाही, नवीन गेम मात्र मस्त चालायचे. ड्रायव्हर ठीक, फाइल्स ठीक. शेवटी सी ड्राइव्हमध्ये यूजर्स उघडलं तर आत फोल्डरचं नाव मराठीत, वहिनीनं पीसी सेट करताना कौतुकानं देवनागरीत टाइप केलेलं. बऱ्याच जुन्या गेमना पाथमध्ये इंग्रजी सोडून दुसरी अक्षरं आली की सेव्ह फोल्डर उघडता येत नाही आणि ते तिथंच मान टाकतात. सेटिंग्जमध्ये नाव बदललं तरी फोल्डरचं नाव बदलत नाही, तेव्हा सरळ इंग्रजी अक्षरातला नवा लोकल यूजर काढला आणि गेम चालू. वहिनीला राग आला तो वेगळा.

याचाच भाऊ म्हणजे वनड्राइव्ह. नवीन सेटअपमध्ये तो डॉक्युमेंट्स फोल्डर गुपचूप आपल्याकडे ओढून घेतो आणि खूप गेम सेव्ह तिथंच ठेवतात. सिंक अर्धं, जागा फुल, नेट गेलेलं, आणि गेम सेव्ह करताना पडतो. वनड्राइव्हच्या सेटिंगमध्ये डॉक्युमेंट्सचा बॅकअप बंद कर, पण आधी सेव्ह फाइल्स दुसरीकडे कॉपी करून ठेव. आणि विंडोज सिक्युरिटीत कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस (अनोळखी सॉफ्टवेअरला फोल्डरमध्ये लिहू न देणारं सेटिंग) चालू असेल तर गेमला परवानगी दे.

जुने गेम लावायचे असतील तर तीन गोष्टी टाक: व्हिज्युअल सी प्लस प्लसची पॅकेजेस (६४ बिट विंडोज असलं तरी ३२ बिटवाली पण), डायरेक्टएक्सचं जून २०१० चं रनटाइम, आणि अगदीच जुन्या गेमना विंडोज फीचर्समधून डायरेक्टप्ले. डी३डीएक्स९ नावाची डीएलएल नाही म्हणून एरर आला तर ती एकटी डीएलएल कुठल्यातरी साइटवरून उतरवू नको, व्हायरस घरी बोलवायचा तो सोपा रस्ता आहे. शेवटी ७बी असलेला कोड आला तर ३२ आणि ६४ बिटची सरमिसळ झालीय, पॅकेजेस काढून परत टाक. सीडीवरचे सेफडिस्कवाले (कॉपी रोखणारं जुनं कुलूप असलेले) गेम मात्र विसर, त्याचा ड्रायव्हर विंडोज १० पासूनच चालत नाही, तोच गेम जीओजी या गेम विकणाऱ्या साइटवर मिळतो का बघ.

आता आपल्याकडचा खरा खलनायक. मे संपताना पहिला पाऊस झाला की लाइट येते जाते, येते जाते, आणि नेमकं तेव्हाच विंडोज अपडेट चालू असतं. अर्धवट राहिलेल्या अपडेटनं सिस्टम फाइल्स खराब होतात आणि मग गेम तर पडतोच, बाकीचंही काहीबाही बिघडतं. टर्मिनल अ‍ॅडमिन म्हणून उघड आणि इंग्रजी अक्षरात आधी हे लिही: डिझम, स्पेस, स्लॅश ऑनलाइन, स्पेस, स्लॅश क्लीनअप-इमेज, स्पेस, स्लॅश रिस्टोअरहेल्थ. मध्येच अडकल्यासारखं वाटेल, बंद करू नको. ते झालं की एसएफसी, स्पेस, स्लॅश स्कॅननाउ, आणि रिस्टार्ट.

पीसी आपोआप रिस्टार्ट होत असेल तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टमच्या नोंदीत कर्नल-पॉवर ४१ दिसेल. ती नोंद कारण सांगत नाही, पीसी नीट बंद झाला नाही एवढंच सांगते. मग यूपीएस आहे का, असेल तर गेमच्या लोडला पुरतो का (६०० व्हीएवाला छोटा यूपीएस मोठ्या कार्डाला पुरत नाही, लाइट गेली की तोही झोपतो), एसएमपीएस (पीसीच्या आतला पॉवर सप्लाय) किती जुना, हे बघ. साखळी-डिचोली बाजूला लाल धूळ पंख्यात बसते आणि कळंगुट-कोलव्याकडे खाऱ्या हवेनं कार्डाच्या पट्टीला गंज धरतो, दोन्हीकडे वर्षातून एकदा तरी साफसफाई हवीच. रॅम काढून सोनेरी दातांवर खोडरबर हलक्या हातानं फिरव, स्लॉटमध्ये सुक्या ब्रशनं धूळ काढ, परत घट्ट बसव. जूनच्या दमट हवेत या एका उपायानं बऱ्या झालेल्या निळ्या स्क्रीन मी पाहिल्यात. रॅमचं एक्सएमपी (रॅम जास्त वेगानं चालवणारं बायोसमधलं सेटिंग) बंद करून पण एकदा खेळून बघ.

इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल आणि कार्डात भरपूर मेमरी असूनही गेम आउट ऑफ व्हिडिओ मेमरी म्हणून बंद होत असेल, तर कार्डाला दोष देऊ नको. त्या प्रोसेसरमध्ये व्होल्टेजचा दोष निघाला होता आणि इंटेलनं ऑगस्ट २०२४ पासून बायोस अपडेटमधून मायक्रोकोड (प्रोसेसरसाठीची दुरुस्ती) दिलाय. बायोस अपडेट कर, यूपीएसवर असतानाच. मात्र जे आतून झिजलंय ते अपडेटनं भरून येत नाही, तसं असेल तर वॉरंटी काढ, इंटेलनं या प्रोसेसरची मुदत दोन वर्षांनी वाढवलीय.

एवढं करूनही नाहीच जमलं तर मागे जायची वाट आहे. सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरी, गो बॅक. पण ती अपग्रेडनंतर फक्त १० दिवस असते आणि नव्यानं इन्स्टॉल केलं असेल तर नसतेच. त्या दहा दिवसांत जागा मोकळी करायला म्हणून डिस्क क्लीनअपमधून जुनं विंडोज उडवू नको, ती वाटच बंद होते. अजून ठरत नसेल तर दहा दिवसांच्या आत टर्मिनलमध्ये डिझम, स्पेस, स्लॅश ऑनलाइन, स्पेस, स्लॅश सेट-ओएसअनइन्स्टॉलविंडो, स्पेस, स्लॅश व्हॅल्यू, कोलन, ६० लिही, मुदत साठ दिवस होते. विंडोज १० वर परत गेलास तर एक्सटेंडेड सिक्युरिटी अपडेट्समध्ये नाव घाल, घरगुती पीसीला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत अपडेट मिळतात.