दमा असेल तर सुट्टीचं ठिकाण ठरवताना हे बघा

दमा किंवा ॲलर्जी असेल तर थंड हवेचं ठिकाण म्हणजे चांगली हवा असं धरून चालू नका, आधी तुम्हाला त्रास नक्की कशाने होतो ते बघा. धुळीतल्या माइट्सची, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक जीवांची, ॲलर्जी असेल तर दमट हवा वाईट, कारण ते हवेतल्या ओलाव्यावरच जगतात, आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली गेली की त्यांना टिकणं अवघड होतं. म्हणून जुलै-ऑगस्टात महाबळेश्वर, आंबोली नकोच, धुकं कितीही छान असलं तरी भिंतींना बुरशी, गाद्या-रजया ओलसर, आणि मध्यरात्री धाप लागली की कसली मजा हो! तिथे जायचंच तर दिवाळीनंतर जा, पण पहाटेच्या गार कोरड्या हवेनेही श्वासनळ्या आकसतात तेव्हा नाकातोंडावर मफलर पाहिजेच.

गवताच्या परागकणांचा त्रास असेल तर पाऊस संपता संपता डोंगर-पठारं टाळा, त्यापेक्षा समुद्रकिनारा बरा, समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात परागकण कमी असतात. दिल्ली-आग्रा मात्र नोव्हेंबर ते जानेवारी नको, धुरकं फार.

बुकिंगआधी फोन करून विचारा: खोलीत ऊन येतं का, कार्पेट आहे का, बरेच दिवस बंद होती का. लाजू नका विचारायला. रोजचा इनहेलर सुट्टीतही चालूच ठेवा, आणि लगेच आराम देणारा हातातल्या पिशवीत, डिकीत नाही, उन्हात तापलेल्या डॅशबोर्डवर तर अजिबात नाही.