बोर्डो मिश्रणाचा हिशेब: या चुका टाळा

मे संपत आला की गोव्यातल्या फोंडा-सत्तरीच्या कुळागरांत, म्हणजे सुपारीच्या बागांत, बोर्डो या बुरशीनाशकाच्या फवारणीची घाई सुरू होते. कोळेरोग हा बुरशीसारखा रोग लागला की कोवळी सुपारी सडून गळते, आणि भर पावसात निसरड्या पोफळीवर पुन्हा माणूस चढवणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ. म्हणून हिशेब पहिल्याच खेपेला जमायला हवा.

1 टक्का बोर्डो म्हणजे 100 लिटर तयार मिश्रणाला 1 किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि 1 किलो चुना. 'तयार' हा शब्द विसरला की घोळ होतो. मोरचूद 100 लिटर पाण्यात विरघळवतात, चुना वेगळ्या 100 लिटरमध्ये कालवतात आणि दोन्ही एकत्र ओततात. पाणी झालं 200 लिटर, मोरचूद मात्र 1 किलोच. औषध अर्ध्या टक्क्यावर आलं. आम्ही एका वर्षी नेमकं हेच केलं. निळा रंग छान उतरला होता, त्यामुळे कुणाला शंकाही आली नाही. जुलैत झाडांखाली सुपारीचा सडा पडला. पाणी 50-50 लिटर वाटून घ्या आणि मोरचुदाचं पाणी ढवळत ढवळत चुन्याच्या पाण्यात ओता, उलट नको. भांडी प्लास्टिकची हवीत. मोरचूद लोखंडाला खातं.

दशांश चिन्हही असंच फसवतं. ड्रममध्ये पाणी 170 लिटर असेल, तर 100 ला 1 या प्रमाणात 1.7 किलो मोरचूद लागतं, म्हणजे 1 किलो 700 ग्रॅम. 1 किलो 70 ग्रॅम तोलणारे मी पाहिलेत. माझं ऐकाल तर लिटरला 10 ग्रॅम एवढंच डोक्यात ठेवा. 15 लिटरच्या पंपाला 150 ग्रॅम. तिथे 15 ग्रॅम घातलं तर मिश्रण 0.1 टक्क्याचंच होतं.

डब्याने मापू नका. एकाच डब्यात मावणाऱ्या मोरचुदाचं आणि चुन्याचं वजन सारखं नसतं. काटा वापरा.

एवढं करूनही चुना जुना, हवा लागलेला असेल तर किलोला किलो पुरत नाही. त्यासाठी कोयतीचं घासून लख्ख केलेलं पातं मिश्रणात थोडा वेळ बुडवून बघा. पात्यावर तांबूस थर चढला तर तांबं मोकळं राहिलंय, ते कोवळ्या सुपारीला भाजतं. थर धरायचा थांबेपर्यंत चुन्याचं पाणी थोडं थोडं घालत राहा, दर वेळी पातं घासून पुन्हा बघा, आणि मिश्रण त्याच दिवशी संपवा.